अ‍ॅडव्हान्स्ड डायव्हर, डोंबिवली (पूर्व)

"कार्ड कुठंय?" बाबांनी विचारलं.

मी मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर माझा पासपोर्ट साईझ फोटो, नाव आणि खाली स्कुबा डायव्हिंगच्या दुसऱ्या कोर्सची पदवी, अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर. "हे नाही गं, खरं कार्ड." म्हटलं बाबा, आता ई-कार्डच देतात, हातात धरायचं हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, पस्तीस वर्षं पास खिशात बाळगलेला माणूस, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "म्हणजे चोवीस हजारात प्लॅस्टिकसुद्धा नाही?"

खरं सांगायचं तर मला लगेच उत्तर सुचलं नाही. मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर प्रश्न विचारायचा पगार घेते, आणि स्वतःच्या खर्चाचं मात्र व्हाउचर नाही. म्हणून हा हिशोब लिहायला घेतला, तर आकडे राहिले बाजूला आणि भलतंच बरंच काही बाहेर आलं, ते सगळं तसंच टाकतेय.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे स्कुबा म्हटलं की मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे होडी लावतात, हजार-दीड हजारात तुमच्या पाठीला सिलिंडर बांधतात, एक दादा मागून तुमचा व्हॉल्व्ह धरून तुम्हाला पाण्याखाली फिरवतो, ब्रेडच्या तुकड्याला मासे जमतात, व्हिडिओ निघतो, झालं. मीही तेच केलं होतं आणि मजा आली होती, त्यात काही वाईट नाही (ब्रेड सोडून, माशांना ब्रेड घालू नका प्लीज). पण तिथे पोहतो तो दादा, तुम्ही नाही. सर्टिफिकेशन म्हणजे तो मागचा दादा काढून टाकायचा. ओपन वॉटर कोर्स झाला की तुम्हाला तुमच्याच लेव्हलच्या जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. अ‍ॅडव्हान्स्ड झालं की ३०. मधले १२ मीटर. डोंबिवलीच्या हिशोबात चार मजले.

तर चार मजल्यांचे चोवीस हजार पाचशे.

बरं, त्या "अ‍ॅडव्हान्स्ड" शब्दाबद्दल आधीच सांगते, नाहीतर वाचणारे अनुभवी डायव्हर हसतील. मला कार्ड देणारी एजन्सी म्हणजे पॅडी, तिच्या या कोर्समध्ये पाच डाईव्ह असतात, परीक्षा नसते. त्यातल्या दोन सक्तीच्या, एक डीप आणि एक नॅव्हिगेशन, उरलेल्या तीन तुमच्या आवडीच्या. ओपन वॉटर संपलं की दुसऱ्या दिवशीपासून हे सुरू करता येतं, म्हणजे आयुष्यात एकूण नऊ डाईव्ह मारलेला माणूस कागदोपत्री अ‍ॅडव्हान्स्ड होतो. दहावी झाल्यावर लगेच प्राध्यापक. एसएसआय नावाची दुसरी एजन्सी आहे, ती याच पाच डाईव्हच्या कोर्सला अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडव्हेंचरर म्हणते आणि अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर हे नाव मात्र चार स्पेशालिटी कोर्स आणि २४ डाईव्ह झाल्याशिवाय देत नाही. नावापुरतं का होईना, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. पॅडीवरचा जुना जोक तर डायव्हरांच्यात सगळ्यांना पाठ आहे, पॅडी म्हणजे 'पुट अनदर डॉलर इन'. १९६६ पासून चालू आहे दुकान, जोकही साधारण तेवढाच जुना असावा.

आता माझी गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये मी आणि माझा मामेभाऊ अंदमानातल्या हॅवलॉकला गेलो, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, पण तिथे सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. दोघांनी ओपन वॉटर केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, कपडे अजून ओले, कानात पाणी, डोकं हवेत, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने बरोबर वेळ साधली. "दीदी, अ‍ॅडव्हान्स्ड भी साथ में कर लो ना, कॉम्बो में पाँच हजार बच जाएगा, वापस आओगे तो फिर फ्लाईट का खर्चा." हे शेवटचं वाक्य जे आहे ना, त्याला तोड नाही, कारण ते खरं आहे. विमानाचं तिकीट काढून तुम्ही आलेलाच आहात. बंगालच्या उपसागरात बसून "विचार करून सांगते" म्हणायला मोठं काळीज लागतं.

मामेभावाने घेतलं. मी नाही घेतलं. शहाणपण वगैरे काही नव्हतं हं, माझी रजा संपली होती.

मी दोन साध्या डाईव्ह मारून निघायच्या तयारीत होते आणि त्या संध्याकाळी हा परत आला तो गप्प. हा माणूस लग्नाच्या पंगतीत बसला तर आजूबाजूच्या चार पानांवरचे लोक जेवण थांबवून ऐकतात, तो गप्प. रात्री फिश करी समोर आल्यावर बोलला. त्याची सहावी डाईव्ह, खोली २८ मीटर, पाण्याला जोरदार ओढ (करंट) होती, दोरी धरून खाली उतरतानाच दमला, घाबरला, जोरजोरात श्वास घेत राहिला आणि बाराव्या मिनिटाला सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा गेज बघतो तर ६० बार. सुरू केले होते २०० ला. इन्स्ट्रक्टरने आपला जादाचा रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात तो) त्याच्या तोंडात दिला आणि त्याला हाताला धरून हळूहळू वर आणलं, मध्ये पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा पण केला, सगळं नियमाप्रमाणे, काही झालं नाही. तो इन्स्ट्रक्टर चांगला होता असंच मी म्हणेन. पण सहाव्या डाईव्हला याला तिथे न्यायची घाई कोणाची होती? समुद्राची तर नव्हती. त्याच्याबरोबर अजून तिघं होते त्याच ग्रुपमध्ये, त्यांचीही डाईव्ह तिथेच संपली.

हे असं का होतं ते सांगते, कारण खोलीचा सगळा हिशोब यातच आहे. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. वर एक, दहा मीटरवर दोन, तीसवर चार. फुप्फुसं भरायला चौपट हवा लागते, म्हणजे वर जो श्वास एक रुपयाचा तो तिथे चार रुपयांचा, आणि सिलिंडर तेवढाच. शांत माणूस वर मिनिटाला वीसेक लिटर ओढत असेल तर ३० मीटरवर ऐंशी लिटर, घाबरलेला माणूस एकशेवीसच्या वर सहज. आपला नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर अकरा लिटरचा, २०० बार भरलेला. भागाकार करा. मामेभावाची बारा मिनिटं बरोबर येतात.

घरी आल्यावर मी ठरवलं, अ‍ॅडव्हान्स्ड करायचं पण आधी हात बसवायचा. डोंबिवलीच्या बाईने हात कुठे बसवायचा, तर नेत्राणी. कर्नाटकात, मुर्डेश्वरच्या समोर समुद्रात, बोटीने दीड तासावर. कोकण रेल्वेने रात्रभरात मुर्डेश्वर, शनिवारी दोन डाईव्ह, रविवारी दोन, सोमवारी ऑफिस (डोळे लाल, मास्कचा वळ कपाळावर, बॉसने विचारलं बरं नाही का). पावसाळ्यानंतर, २०२३ च्या शेवटी, अशा दोन फेऱ्या केल्या, दर फेरीला सोळा हजाराच्या आत-बाहेर. दिसतं ठीकठाक, अंदमानसारखं नाही, पण आपल्या किनाऱ्याच्या मानाने झकास. मालवण आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडला डाईव्ह केलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय, तिथे बऱ्याचदा हात लांब केला की बोटं दिसत नाहीत.

म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये मी परत हॅवलॉकला उतरले तेव्हा माझ्या लॉगबुकात १४ डाईव्ह होत्या. फार नाहीत. पण सहा आणि चौदामध्ये किती फरक असतो ते ज्याने सहा आणि चौदा दोन्ही केलंय त्यालाच कळतं. सहाव्या डाईव्हला आपण उपकरणं सांभाळत असतो. चौदाव्याला पहिल्यांदा मान वर करून बघतो की अरे, मासे आहेत.

हा घ्या हिशोब. कोर्स २४,५००. मुंबई-पोर्ट ब्लेअर येऊन-जाऊन १७,८००. फेरी बोट दोन्ही वेळची ३,२००. सहा रात्री २,२०० प्रमाणे १३,२००. खाणं ६,०००. रिक्षा, स्कूटर २,५००. कोर्सनंतरच्या चार साध्या डाईव्ह ३,००० प्रमाणे १२,०००. बेरीज ७९,२००, आणि बोटीवरच्या पोरांना टिप वगैरे धरून ८१,००० धरा. नेत्राणीच्या दोन फेऱ्या जोडल्या तर आकडा लाखावर जातो, तो मी नवऱ्याला सांगितलेला नाही. तो ब्लॉग वाचत नाही.

यात बघण्यासारखं काय आहे तर कोर्स हा एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी आहे. बाकी सगळं तिथपर्यंत जाण्याचं आणि राहण्याचं. त्यात एक छुपा खर्च, शेवटच्या डाईव्हनंतर १८ तास विमानात बसायचं नाही, रक्तातला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, म्हणजे एक पूर्ण दिवस आणि रात्र नुसती बसायला. मी तो दिवस पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलमध्ये घालवला, त्यामुळे वाया गेला म्हणवत नाही, पण खर्चाच्या बाजूला तो आहेच. आणि लोक काय करतात, ८१ हजाराच्या ट्रिपमध्ये कोर्सवर तीन हजार वाचवायला चार दुकानं फिरतात. मी पण फिरले. तीन हजार स्वस्त असलेल्या ठिकाणी एका इन्स्ट्रक्टरमागे चार जण होते, मी जिथे केला तिथे दोन. दोन जणांत एक माणूस आणि चार जणांत एक माणूस, याची किंमत तीन हजार असेल तर ती मी कधीही देईन.

दुसरं गणित असं, पाच डाईव्ह नुसत्या मजेसाठी मारल्या असत्या तरी १५,००० गेलेच असते. म्हणजे कोर्सचे म्हणून खरे वरचे पैसे साडेनऊ हजार. त्यातले काही ई-लर्निंगचे आणि सर्टिफिकेटचे, ते एजन्सीला जातात. उरलेले पैसे एका माणसाने पाच डाईव्ह तुमच्याकडे टक लावून बघण्याचे. बाबांना मी नंतर हेच सांगितलं, की कार्डाचे पैसे नाहीत हो, शिकवणीचे आहेत. ते म्हणाले मग क्लासची फी सांग ना, कार्ड कशाला दाखवतेस.

आता त्या पाच डाईव्ह. सगळ्या सारख्या नव्हत्या, पैसे वसूल दोनच झाल्या, म्हणून त्या दोनच नीट सांगते.

पहिली बॉयन्सी. नाव मोठं आहे, पीक परफॉर्मन्स बॉयन्सी, काम एवढंच की पाण्यात तरंगता येणं, वर नाही, खाली नाही, मध्ये. सक्तीची नाही ही, आणि माझ्या मते सक्तीची हवी. ओपन वॉटरला माझ्या कमरेला ६ किलो शिसं बांधलं होतं आणि नेत्राणीलाही मी फॉर्मवर "६ किलो" असंच लिहीत राहिले, कोणी विचारलं नाही, मी बदललं नाही. इन्स्ट्रक्टर तमिळ मुलगा, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, त्याने किनाऱ्याजवळ पाण्यात उभं करून सांगितलं, जॅकेटमधली सगळी हवा सोडा, अर्धा श्वास धरा, आणि बघा कुठे थांबताय. मी दगडासारखी गेले. त्याने एक किलो काढला. परत. अजून एक किलो. परत. चार किलोवर पाणी डोळ्यांच्या रेषेत येऊन थांबलं आणि तो हसला, "दीदी, एक साल से दो किलो चावल उठा के घूम रही थी आप."

त्यानंतर खाली जाऊन नुसतं पडून राहायचं. मांडी घालून. हात घडी घालून, कारण हात हलवायची सवय मोडायची असते. श्वास घेतला की अंग वीतभर वर जातं, सोडला की खाली, आणि जायला एक सेकंद उशीर लागतो, तो उशीर ओळखायला शिकायचं, बस. मला दहा मिनिटं जमलंच नाही, मी एकदा वाळूत बसले, एकदा वर सुटले, आणि मग अचानक जमलं. एक छोटा मासा माझ्या गुडघ्याशी येऊन थांबला तरी मी हलले नाही. त्या डाईव्हच्या आधी माझा सिलिंडर ३८ मिनिटं पुरायचा, त्याच खोलीला दुसऱ्या दिवशी ४७ मिनिटं पुरला. नऊ मिनिटं. दर डाईव्हला नऊ मिनिटं जास्त, पुढे आयुष्यभर. हे जर कोणी मला आधी सांगितलं असतं तर मी हॅवलॉकपर्यंत थांबलेच नसते.

दुसरी डीप. डिक्सन्स पिनॅकल. बोटीने जायला तासभर लागतो, वाटेत कोणी फारसं बोलत नाही, सगळे आपापल्या पोटाकडे लक्ष देऊन बसलेले. अंदमानातल्या कॅरेन समाजाच्या, म्हणजे ब्रह्मदेशातून येऊन स्थायिक झालेल्या लोकांच्या, जुन्या डायव्हरांची नावं इथल्या जागांना आहेत, डिक्सन त्यातलाच. जागा म्हणजे काय तर समुद्राच्या तळातून वर आलेले सुळके. आपला लिंगाणा पाण्यात बुडवलाय आणि आपण त्याच्या माथ्यावरून खाली उतरतोय अशी कल्पना करा, आणि त्या माथ्यालाच १८ मीटरच्या आसपास पाणी. ओपन वॉटरवाल्याचं लायसन्स जिथे संपतं तिथे हा सुळका सुरू होतो.

बोटीवर इन्स्ट्रक्टरने स्लेट दिली आणि म्हणाला, काहीतरी लिहा जे तुम्हाला झोपेतही येतं, मी वेळ लावतो, नंतर तेच खाली लिहायचं. बरोबरची बंगलोरची मुलगी एबीसीडी उलटी लिहीत होती. मी सतराचा पाढा लिहिला. २२ सेकंद. आमच्या आजोबांनी अंगठे धरायला लावून पाठ करून घेतलेला पाढा आहे तो, तो मी विसरणार म्हणजे मग काय राहिलं.

२९ मीटर. पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे हवा घट्ट होते, खरंच घट्ट, रेग्युलेटरमधून जणू सरबत ओढतोय. दुसरी, रंग गेलेले. लाल सगळ्यात आधी जातो. समोर एका कपारीत तांबोशीसारखा मासा, चांगला दोन किलोचा असेल, पण करडा-निळा, मी दर रविवारी बाजारात ज्याचे कल्ले उघडून बघते तो मासा मला ओळखू आला नाही, इन्स्ट्रक्टरने त्याच्यावर टॉर्च मारला आणि तो एकदम लालभडक पेटला. टॉर्च बंद, परत करडा. मी तीनदा खूण करून परत टॉर्च मारायला लावला. आता वाटतं तेव्हाच कळायला हवं होतं की मला चढलीय.

स्लेट हातात दिली. मी लिहायला सुरुवात केली, सतरा, चौतीस, एकावन्न, एकदम मजेत, मला वाटलं मी वरच्यापेक्षा जास्त भराभर लिहितेय. वर आल्यावर बघितलं तर ४१ सेकंद लागले होते आणि स्लेटवर १०२, १०९, १३६. सतरा साते एकशे नऊ. आणि पुढचे १३६ बरोबर. म्हणजे पाठांतर शाबूत होतं, डोकं बंद होतं, आणि डोकं बंद आहे हे डोक्याला माहीत नव्हतं. नायट्रोजन नार्कोसिस याला म्हणतात, दाबाखाली नायट्रोजन भांगेसारखं काम करतो, थोडं वर आलं की उतरते, हँगओव्हर नाही. कोणाला भीती वाटते, कोणाला हसू येतं, मला हुशार झाल्यासारखं वाटलं, जे मला वाटतं सगळ्यात धोक्याचं.

चोवीस हजारातल्या या एकशे नऊची किंमत मी सगळ्यात जास्त लावते. कारण ३० मीटरवर वेगळं असं फार काही नाही, बघायला मिळतं ते १५ वर पण मिळतं, उलट जास्त उजेडात. तिथे वेळ पण कमी, पॅडीच्या टेबलप्रमाणे १८ मीटरवर ५६ मिनिटं थांबता येतं, ३० वर फक्त २०. पण माझं डोकं तिथे कसं फिरतं हे मला आता माहीत आहे, आणि ते मी कोणाच्या तरी नजरेखाली शोधून काढलं, एकटीने नाही.

बाकीच्या तीन पटकन. नॅव्हिगेशनमध्ये होकायंत्र धरून चौकोन पोहायचा, पायाचे फटके मोजत, आणि सुरुवातीच्या जागी परत यायचं. मी परत आले ती दहा-बारा मीटर लांब, एका अनोळखी दगडापाशी, आणि पूर्ण आत्मविश्वासाने ओकेची खूण केली. दुसऱ्यांदा जमलं. उपयोगाची आहे, पण पुढे सराव केला नाही तर जाते, माझी गेलीय. रेक डाईव्ह इंचकेटवर, १९५५ मध्ये बुडालेलं मालवाहू जहाज, आत जायचं नाही, बाहेरून बघायचं, लोखंडावर प्रवाळ वाढलेलं, सुंदर, शिकण्यासारखं फार नाही. फिश आयडी मी घेतली ती चूक, त्याऐवजी दुसरं काहीही चाललं असतं. माशांची नावं मला पुस्तकातून कळतात, आणि अर्ध्यांची तर मालवणी नावं आणि भावही माहीत आहेत.

मग कार्डाचा म्हणून काही उपयोग आहे की नाही? आहे, पण तुम्ही कुठे जाणार त्यावर. वर्षातून एकदा अंदमानला जाऊन निमो रीफवर रमणाऱ्याला काही गरज नाही, १८ मीटरमध्ये आयुष्य जाईल एवढं बघायला आहे. मालदीवच्या लिव्हअबोर्ड बोटी, म्हणजे ज्यांच्यावरच राहून डाईव्ह करतात त्या, मात्र बऱ्याचदा अ‍ॅडव्हान्स्ड मागतात, वर लॉगबुकात डाईव्हची संख्याही बघतात, तिथल्या बेटांमधल्या अरुंद वाटांमध्ये करंट जोरदार असतो म्हणून. तांबड्या समुद्रातलं थिसलगॉर्म, १९४१ मध्ये बॉम्ब पडून बुडालेलं ब्रिटिश जहाज, पोटात अजून मोटरसायकली आणि ट्रक, ते तळाला ३० मीटरवर बसलंय. इन्शुरन्सचंही आहे, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कुबा बऱ्याचदा नसतंच, आणि असेल तिथे तुमच्या सर्टिफिकेटच्या खोलीपर्यंतच, ते बारीक अक्षर वाचा. मी डायव्हिंगचा वेगळा काढलाय.

आणि माझं स्वतःचं कारण आहे आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत अरबी समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, पाण्याखालचं चाळीस किलोमीटर लांबीचं प्रवाळाचं पठार. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरचं. त्याचा सगळ्यात उथळ भाग २० मीटरवर आहे. वीस! ओपन वॉटरवाला तिथे गेला तर कोर्सच्या नियमाने तो दोन मीटर वर तरंगत राहणार, आंग्र्यांच्या दारात जाऊन उंबरठ्याबाहेर उभा. तिथे जाणं सोपं नाही, रोजच्या बोटी सुटत नाहीत, मला कधी संधी मिळेल कोण जाणे. शिवाय नेव्हीतून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीजवळ बुडवून डायव्हरांसाठी जागा करायचं काम एमटीडीसीने (राज्याच्या पर्यटन महामंडळाने) हाती घेतलं, ते जर नीट झालं तर रेक, म्हणजे बुडालेलं जहाज, बघायला अंदमानचं तिकीट नको.

पण कार्डाला एक्स्पायरी नसली तरी माणसाला असते. सहा महिने-वर्षभर पाण्यात गेलं नाही की दुकानं रिफ्रेशर घ्यायला लावतात, आणि बरोबर लावतात. गेल्या वर्षी ऑडिटमुळे माझे अकरा महिने कोरडे गेले, परत गेले तर मास्कमधलं पाणी काढताना हात थरथरला. अ‍ॅडव्हान्स्ड डायव्हर! म्हणून आता माझा बजेटचा क्रम असा झालाय की आधी वर्षाला नेत्राणीची एक तरी फेरी, मग डाईव्ह कॉम्प्युटर (वीस-बावीस हजारांचा साधा घेतला, मनगटावर खोली आणि उरलेली मिनिटं दिसतात, नार्कोसिसमध्ये पाढा चुकणाऱ्या बाईला याची गरज जास्त), आणि त्यानंतर कुठलाही नवीन कोर्स. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा कोर्स) करायचाय, रेस्क्यू करायचाय, पण घाई नाही.

मामेभावाचा परवा फोन आला. त्या २८ मीटरनंतर तो दीड वर्ष पाण्यात गेला नव्हता, कार्ड मात्र व्हॉट्सअ‍ॅप डीपीला होतं. म्हणाला, रेस्क्यूवर ऑफर चालू आहे, दोघांनी मिळून घेतलं तर डिस्काउंट. मी त्याला विचारलं कमरेला किती किलो बांधतोस. "सात," म्हणाला, "का गं?"

नोव्हेंबरची मुर्डेश्वरची दोन तिकिटं काढलीत. साईड लोअर त्याला दिलीय.